वकिली सोडून कुलपे करणारा माणूस

आपल्या मराठवाड्यात लग्नाची बैठक बसली आणि देण्याघेण्याची यादी निघाली, की तीत भांडीकुंडी, गादी-पलंग यांच्या बरोबरीने एक गोदरेज असे लिहिलेले असते. यादी करणाऱ्याला अभिप्रेत असते ते लोखंडी पत्र्याचे कपाट. मग ते नांदेडच्या एखाद्या शेडमध्ये बनलेले असो की लातूरच्या, त्यावर कोणाचेही नाव रंगवलेले असो, घरात ते आले की गोदरेजच. किल्ली सासूच्या कमरेला की सुनेच्या, यावरून पुढे काय घडते तो निराळ्या लेखाचा विषय आहे. आणि अशा याद्या मुळात निघू नयेत, हेही येथे सांगून टाकतो. पण जे नाव आपण इतक्या सहजपणे सामान्यनाम करून टाकले ते एका माणसाचे आडनाव होते, आणि त्या माणसाचा जीव कपाटात नव्हे तर कुलपात होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. अर्देशिर बरजोरजी गोदरेज हे ते गृहस्थ. कपाटे त्यांच्या कारखान्यात १९२३ पासून होऊ लागली. कुलपे त्याआधी सव्वीस वर्षे होत होती.

अर्देशिरांचा जन्म २६ मार्च १८६८ चा. मुंबईचे सुखवस्तू पारशी घराणे. मूळचे गुजरातेतल्या भडोचकडचे. वडील बरजोरजी, आजोबा सोराबजी, दोघेही जमीनजुमल्याच्या व्यवहारात. सहा भावंडांत अर्देशिर थोरले. घराण्याचे जुने आडनाव गुथेराजी असे होते. अर्देशिर तीन वर्षांचे असताना, १८७१ साली, वडिलांनी ते गोदरेज असे करून घेतले. ज्या नावाची पुढे देशभर मोहोर उमटली ते नाव आणि हा मुलगा असे जवळजवळ बरोबरीने वाढले.

१८९० साली त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव बाचूबाई. लग्नाला वर्षभराहून थोडेच अधिक झाले होते. २५ एप्रिल १८९१ रोजी दुपारी बाचूबाई नात्यातल्या एका मुलीबरोबर मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर गेल्या. १८७८ साली पुरा झालेला हा दोनशे ऐंशी फूट उंच मनोरा तेव्हा मुंबईचे कौतुक होता, आणि वरच्या सज्जातून शहर पाहायला लोक जात असत. त्या दुपारी दोघीही वरून खाली पडल्या आणि गेल्या. वर कोणीतरी त्यांच्यावर हात टाकला आणि अब्रू वाचवण्यासाठी त्यांनी उड्या घेतल्या, असा समज शहरभर झाला. खटला उभा राहिला, सगळी मुंबई त्यावर बोलत होती, आणि अखेर आरोपीवर गुन्हा शाबीत झाला नाही. अर्देशिर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते.

या दुःखाचा आणि पुढे परक्या हाताला दाद न देणारी वस्तू घडवण्याच्या त्यांच्या ध्यासाचा संबंध जोडण्याचा मोह चरित्र लिहिणाऱ्याला होतो. मी तो जोडत नाही. माणसाचे मन म्हणजे किल्ली फिरवताच उघडणारे कपाट नव्हे. एवढे मात्र खरे, की न्यायालयात सत्य कसे हाती लागते किंवा लागत नाही, याचा अनुभव त्यांना वकील होण्याआधीच घरात आलेला होता.

आणि वकील मात्र ते झाले. १८९४ साली एका खटल्याच्या निमित्ताने ते पूर्व आफ्रिकेतील झांजीबारला गेले. गुजरातेतले आणखी एक तरुण वकील आदल्याच वर्षी एका व्यापाऱ्याच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत उतरले होते. त्यांचे पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. अर्देशिरांचे उलट झाले. खटला चालू असता त्यांच्या ध्यानात आले, की पक्षकाराच्या बाजूने जे मांडायचे ते खरे आहे अशी ग्वाही आपण देऊ शकत नाही. जे स्वतःला खात्रीने ठाऊक नाही ते न्यायालयापुढे खरे म्हणून सांगायला त्यांची जीभ रेटेना. पक्षकाराने आणि इतरांनी समजावून पाहिले. वकिलाचे काम बाजू मांडण्याचे, खरेखोटे ठरवणे न्यायाधीशाचे, हा युक्तिवाद तेव्हाही होता आणि आजही विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. तो चुकीचा आहे असेही नाही. पण अर्देशिरांना तो पटला नाही. त्यांनी काम सोडले, मुंबईला परतले आणि पुन्हा वकिलीच्या वाटेला गेले नाहीत.

वाचकहो, हा प्रसंग लक्षात असू द्यावा. कारण ज्या माणसाला एका खटल्यातल्या हकिगतीची ग्वाही देता आली नाही, तोच तीन वर्षांनी आपल्या कुलपाबरोबर लेखी हमी देऊ लागला, की हे कुलूप दुसऱ्या कोणाला उघडता येणार नाही. ही हमी कितपत खरी होती, हा या चरित्रातला खरा प्रश्न आहे.

मुंबईत परतल्यावर ते एका औषधविक्रेत्याकडे मदतनीस म्हणून राहिले. तेथे शस्त्रक्रियेची हत्यारे, चिमटे, कात्र्या त्यांच्या पाहण्यात आल्या. ही सगळी हत्यारे विलायतेतून येत. ती येथे का होऊ नयेत, असे त्यांच्या मनाने घेतले. वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेऊन त्यांनी हत्यारे घडवायला सुरुवात केली. माल उत्तम उतरला. घेणाऱ्यालाही पसंत पडला. अडले ते शिक्क्यावर. हिंदुस्थानात बनलेले, असा शिक्का मारला तर कोणी घेणार नाही, असे व्यापाऱ्याचे म्हणणे. आणि जेथे बनले त्या देशाचे नाव लपवून माल विकणे म्हणजे लबाडी, असे अर्देशिरांचे. दोघेही हटले नाहीत. धंदा बसला. झांजीबारची गोष्ट एकदाची समजू शकते. पण कर्ज डोक्यावर असताना तीच गोष्ट दुसऱ्यांदा करणारा माणूस हट्टी म्हटला पाहिजे. मला तो तसा वाटतोही.

पुढे एके दिवशी वर्तमानपत्रात त्यांनी मुंबईतल्या घरफोड्यांविषयी वाचले. चोऱ्या वाढल्या आहेत आणि लोकांनी आपापल्या घरादारांचा बंदोबस्त अधिक चांगला करावा, असे पोलीस कमिशनरांचे सांगणे होते. त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणली पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग निघाला, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. चाळीच्या चाळी ओस पडल्या. बंद दारांच्या शहरात चोराचे आणि कुलपाचे दोघांचेही दिवस येतात. आपल्याकडच्या वाड्यांत दाराला आतून अडसर, माजघरात काळोख आणि धान्य पेवात, असा बंदोबस्त होता. पण अडसर आत माणूस असेल तरच उपयोगाचा. घर सोडून जाणाऱ्याला कुलूपच हवे.

कुलपे तेव्हा मिळत नव्हती असे नाही. चांगली विलायती कुलपे येत, ती महाग होती. देशी कुलपे हातांनी घडवली जात. अलीगढचे नाव या धंद्यात पुढे येत होते. पण हातांनी केलेल्या स्वस्त कुलपांचा दोष असा, की एकाची किल्ली दुसऱ्याला चालून जाई, आणि जाणता हात वाकड्या तारेने ती उघडी. अर्देशिर पुन्हा मेरवानजी कामांकडे गेले. आधीचे कर्ज फिटले नसताना त्यांनी पुन्हा पैसे दिले, यात त्या वृद्ध गृहस्थांचाही मोठेपणा आहे. ७ मे १८९७ रोजी मुंबईत लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारी, दोनशे पंधरा चौरस फुटांच्या शेडमध्ये कुलपांचे काम सुरू झाले. दोनशे पंधरा चौरस फूट म्हणजे आपल्या महाविद्यालयातली एखादी लहानशी खोली. डझनभर कारागीर, काही गुजरातेतले, काही मलबारकडचे. प्लेगच्या बंदोबस्तावरून पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली ती याच वर्षीच्या जूनमध्ये.

आता कुलूप म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. त्यावाचून अर्देशिरांनी काय केले ते कळणार नाही. कला शाखेच्या वाचकांनी कंटाळू नये. यात गणित नाही.

जुन्या चांगल्या कुलपाच्या पोटात एक लोखंडी जीभ असते. ती सरकली की कुलपाची दांडी सुटते. जीभ सरकू नये म्हणून तिच्या वाटेत पातळ पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. यांनाच लिव्हर म्हणतात. कुलपावर सहा लिव्हर, आठ लिव्हर असे कोरलेले आपण वाचतो ते हेच. प्रत्येक पट्टीत एक खाच असते. किल्लीचे दाते कमीजास्त उंचीचे असतात ते उगाच नव्हे. बरोबरची किल्ली प्रत्येक पट्टी नेमकी जेवढी हवी तेवढी उचलते, सगळ्या खाचा एका ओळीत येतात, आणि त्या ओळीतून जिभेवरची कील पार होते. एक पट्टी केसभर कमी उचलली गेली तरी अडते, केसभर जास्त उचलली गेली तरी अडते. पट्ट्यांना पुन्हा खाली ढकलण्यासाठी प्रत्येकीला बारीकशी स्प्रिंग असते.

मग किल्लीवाचून ते उघडते कसे? कुलूप करणाऱ्याच्या हातचुकीमुळे. सगळ्या पट्ट्या कधीच अगदी तंतोतंत सारख्या नसतात. जिभेवर हलका दाब ठेवला तर सगळ्या एकदम अडत नाहीत. एखादीच आधी अडते. जाणकार तिला तारेने हळूच चाचपतो, ती जागेवर बसली की दाब पुढच्या पट्टीवर जातो. अशी एकेक करीत सगळी रांग लागते. बळाचे काम नाही, बोटांच्या संवेदनेचे आहे. आज जगात अनेक ठिकाणी लोक हे छंद म्हणून करतात. त्यांच्यात पाळला जाणारा नियम असा, की स्वतःचेच कुलूप उघडावे, आणि जे दारावर रोज वापरात आहे ते सोडून द्यावे. आपल्या वजिराबादेत किंवा गंजगोलाईत रस्त्याच्या कडेला किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसणारा चावीवाला हेच काम पोटासाठी करतो, आणि त्याची बोटे एखाद्या वादकाच्या बोटांइतकीच तयार असतात.

या विद्येचा सर्वात गाजलेला प्रयोग १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी झाला. ए. सी. हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कुलूपवाला तेथे आला. इंग्लंडला आपल्या दोन कुलपांचा फार अभिमान होता. एक चब यांचे. त्यात एक युक्ती होती, की कोणी परक्याने एखादी पट्टी गरजेहून जास्त उचलली तर ती अडकून बसावी आणि पुढच्या वेळी मालकाला छेडछाड कळावी. दुसरे ब्रामा यांचे. ते लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरील दुकानाच्या खिडकीत अनेक वर्षे टांगलेले होते आणि उघडणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस लावलेले होते. हॉब्जने पंचांसमक्ष चब यांचे कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले, आणि पुन्हा लावूनही दाखवले. छेडछाड दाखवणारी युक्तीच त्याच्या कामी आली, कारण कोणती पट्टी जास्त उचलली गेली हे अडकलेली पट्टी चोरालाही सांगते. ब्रामांच्या कुलपाला त्याने सोळा दिवसांत मिळून पन्नास-एक तास घेतले, पण उघडले. वर्तमानपत्रांतून मोठा गहजब झाला. असली विद्या उघड करून दाखवल्याने चोरांचे फावेल, असे पुष्कळांना वाटले. हॉब्जचे मत नेमके उलट होते. चोरांना ते आधीच माहीत असते; माहीत नसते ते कुलूप विकत घेणाऱ्याला.

अर्देशिरांनी जेथून सुरुवात केली तेथे हा सगळा इतिहास आधीच घडून गेलेला होता. न उघडणारे म्हणून मिरवलेले कुलूप उघडले जाते, हे सिद्ध झाल्याला सेहेचाळीस वर्षे लोटली होती. असे असून त्यांनी आपल्या नांगरछाप म्हणजे अँकर कुलपांबरोबर न उघडण्याची हमी दिली. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी, एकाची दुसऱ्याला चालणार नाही, हीही हमी.

येथे झांजीबार आठवते. जे माहीत नाही ते खरे म्हणणार नाही असे ठरवलेल्या माणसाने हे कशाच्या बळावर लिहिले? एक उत्तर असे, की खटल्यातली हकिगत दुसऱ्याची होती. कुलूप त्याने स्वतः घडवले होते, प्रत्येक पट्टी त्याच्या नजरेखालून गेली होती. यंत्रावर काटेकोर मापाने पट्ट्या कापल्या तर हातचूक कमी होते, आणि हातचूक कमी झाली की चाचपणाऱ्या बोटांना धरायला काही उरत नाही. हे उत्तर बरेच खरे आहे, पण पुरते नाही. कोणतेही कुलूप सर्वकाळ अजिंक्य नसते, हे हॉब्जने दाखवलेले सत्य मुंबईतही सत्यच होते. माझ्या मते खरे उत्तर त्यांच्या पुढच्या कुलपांत मिळते. ते पहिल्या हमीवर थांबले नाहीत. पहिल्या हमीतले जे जे उणे दिसले त्यासाठी त्यांनी एकेक नवे कुलूप काढले.

त्यांतले एक गॉर्डियन नावाचे. त्याला दोन किल्ल्या असत. दोन्हींनी कुलूप उघडे. पण त्यांतल्या एका किल्लीने आतली रचनाच बदलता येई आणि मग दुसरी किल्ली निरुपयोगी होई. किल्ली नोकराच्या, मुनिमाच्या हाती द्यावी लागते. ती उद्या भलत्याच्या हाती पडली तर काय? कुलूप उत्तम असून भागत नाही. कारण लबाडी तारेनेच होते असे नाही, ती खऱ्या किल्लीनेही होते. आमच्या आडतीच्या बाजारपेठांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे सांगायला नको.

दुसरे डिटेक्टर. परकी किल्ली किंवा तार चालवली गेली की आतला एक खटका पडे आणि मालकाला आपली खरी किल्ली लावताना छेडछाड झाल्याचे कळे. चब यांच्याच जातीची ही कल्पना. ती स्वीकारण्यात एक कबुली आहे, की कोणीतरी प्रयत्न करणारच. निदान तो झाला हे तरी मालकाला कळावे.

तिसरे मात्र सर्वस्वी त्यांचे स्वतःचे, आणि माझ्या मते सर्वात मोठे. ते बिनस्प्रिंगचे कुलूप. वर सांगितले, की पट्ट्यांना खाली ढकलायला बारीक स्प्रिंगा असतात. कुलपात सर्वात आधी दगा देते ती ही स्प्रिंग. धुळीने ती जाम होते, पावसाळी हवेत गंजते, कधी तुटते. आणि तुटली की खरी किल्ली हातात असूनही मालकच बाहेर. चोरापासून राखणारी वस्तू धन्यालाच अडवते. ज्यांच्या तिजोरीचे किंवा कोठाराचे कुलूप मृगाच्या पहिल्या पावसानंतर एकाएकी रुसून बसले आहे, आणि घासलेटचे थेंब सोडून, हलक्या हाताने ठोकून जे थकले आहेत, त्यांना या कल्पनेचे मोल कळेल. अर्देशिरांनी स्प्रिंगच काढून टाकली आणि तिच्यावाचून चालणारे लिव्हरचे कुलूप बनवले. १९०९ साली त्याचे ब्रिटिश पेटंट मिळाले.

स्प्रिंगचा हा प्रश्न केवळ लिव्हरच्या कुलपांचा नाही. लिनस येल या अमेरिकनाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चपट्या किल्लीचे, पिनांचे कुलूप रूढ केले. आज घराच्या दारात बसवलेली कितीतरी कुलपे त्याच जातीची असतात. त्यात किल्लीचे भोक कोणत्या अंगाने ठेवायचे, यावर दोन चाली आहेत. अमेरिकेत पिना वर आणि किल्लीचे दाते वर. युरोपात बहुधा उलट, पिना खाली आणि दाते खाली. वरवर ही नुसती रीत वाटते. पण पिना वर असल्या तर स्प्रिंग कमजोर झाली तरी त्या स्वतःच्या वजनाने खाली येतात. पिना खाली असल्या तर सारी भिस्त स्प्रिंगवर, आणि किल्लीबरोबर आत गेलेली धूळही त्यांच्याच भोकांत साचते. भोक नुसते उलटे फिरवल्याने एवढा फरक पडतो. शिवाय हे भोक हल्ली अरुंद आणि नागमोडी ठेवतात, ते शोभेसाठी नव्हे. आत तार सरळ जाऊ नये आणि गेली तर वर उचलायला जागा मिळू नये, म्हणून. भारी सुरक्षेच्या कुलपांत तर किल्लीचे दाते तिरपे कापतात, त्यामुळे पिना नुसत्या उचलून भागत नाही, त्या ठरावीक अंशात वळवाव्याही लागतात. हे सगळे अर्देशिरांच्या नंतरचे किंवा त्यांच्यापासून दूरचे. पण कुलपाची ताकद बाहेरच्या जाडजूडपणात नसून आतल्या मोकळ्या जागेच्या हिशेबात आहे, हे सूत्र तेच.

कुलपांपाठोपाठ तिजोऱ्या आल्या. पहिली तिजोरी १९०२ सालची. चोराच्या जोडीला आता आग हाही शत्रू झाला. १९०६ च्या सुमारास धाकटे भाऊ पिरोजशा कारखान्यात आले. ते अर्देशिरांहून चौदा वर्षांनी लहान. थोरल्याने नवे शोधायचे आणि धाकट्याने ते उभे करायचे, अशी वाटणी पडली, आणि पिरोजशांवाचून हा कारखाना शोधांच्या वहीपुरता राहिला असता हे कबूल केले पाहिजे. मेरवानजी कामा आजारी पडले तेव्हा अर्देशिर त्यांचे पैसे फेडायला गेले. त्यांनी ते घेतले नाहीत. त्याऐवजी आपल्या बॉइस नावाच्या भाच्याला धंद्यात घ्यावे अशी इच्छा दाखवली. अर्देशिरांनी त्याला भागीदार केले. बॉइस थोड्याच काळात निघून गेला, पण कंपनीच्या पाटीवरचे त्याचे नाव काढले नाही. आजही कंपनीचे नाव गोदरेज आणि बॉइस असेच आहे. कर्ज फेडण्याची ही रीत मला तरी दुसरीकडे आढळलेली नाही.

१९११-१२ साली पंचम जॉर्ज बादशहा आणि मेरी राणी हिंदुस्थानात आली तेव्हा राणीच्या चीजवस्तूंसाठी गोदरेजची तिजोरी वापरली गेली. ही गोष्ट कंपनीने पुढे पुष्कळ सांगितली, ते धंद्याला धरूनच झाले. पण ज्या अर्देशिरांची तिजोरी राणीने वापरली त्यांनीच १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. त्या काळचे तीन लाख.

तरी स्वदेशीच्या चळवळीशी त्यांचे पुरते जमले नाही, आणि हा त्यांच्या चरित्रातला सर्वात विचार करायला लावणारा भाग आहे. देशी माल वाईट असला तरी देशासाठी तो घ्यावा, या म्हणण्याला त्यांचा सक्त विरोध होता. हलका माल स्वदेशीच्या नावावर खपवणे म्हणजे देशबांधवांनाच फसवणे, असे ते मानीत आणि वर्तमानपत्रांतून लिहीत. विलायती शिक्का मारून देशी माल विकणे त्यांनी तरुणपणी नाकारले होते. आता देशी शिक्का मारून वाईट माल विकणे नाकारले. शिक्का बदलला, नकार तोच. आमच्या पिढीला यातला पहिला नकार आवडतो आणि दुसरा अडचणीचा वाटतो. पण पहिला मान्य केला की दुसरा मान्य करावा लागतो, त्यातून सुटका नाही.

साबणाचेही तसेच. १९१८ साली त्यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलांपासून साबण काढला. चरबीचा विटाळ मानणाऱ्या घरांची मोठी अडचण त्याने दूर झाली. त्या साबणाचे नाव त्यांनी काय ठेवावे? चावी. कुलूपवाला साबणातही आपला धंदा विसरला नाही. पुढे नंबर दोन नावाचा साबण आधी आणि नंबर एक नंतर बाजारात आला. दोन नंबरचा इतका चांगला तर एक नंबरचा कसा असेल असे लोकांना वाटावे, ही त्यातली खुबी. या विक्रीच्या चतुराईवर झांजीबारचे अर्देशिर काय म्हणाले असते, असे मनात येते खरे. पण त्यात खोटे काहीच नव्हते, म्हणून चालले असावे.

१९२८ मध्ये कारखान्याची सूत्रे पिरोजशांकडे सोपवून अर्देशिर नाशिकला गेले आणि शेतीच्या प्रयोगांत रमले. जमिनीने मात्र पोलादासारखी त्यांना दाद दिली नाही. १९३६ सालच्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हमीची परीक्षा त्यांच्या हयातीत आणि नंतरही आपसूक होत राहिली. १९२५ साली कलकत्त्याच्या धरमतल्ला भागात मोठी आग लागली. राखेतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, आसपासचा भाग जळून गेला, शेकडो माणसे मेली. त्या वेळीही ढिगाऱ्यांतून काढलेल्या तिजोऱ्यांत वस्तू सुखरूप निघाल्या. तोवर अर्देशिरांना जाऊन आठ वर्षे झाली होती.

आणखी एक गोष्ट त्यांनी पाहायला हवी होती असे वाटते. १९५१ साली स्वतंत्र देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या हव्या होत्या. त्यांतल्या बारा लाखांहून अधिक गोदरेजच्या मुंबईतील विक्रोळीच्या कारखान्यात झाल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळे कुलूप लावायचे तर खर्च ठरलेल्या किमतीत बसेना. तेव्हा कारखान्यातल्याच एका कामगाराच्या कल्पनेतून कुलपाची रचना पेटीच्या आत, झाकणालाच बसवण्यात आली. आपला नांदेड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. हैदराबादच्या ऑल्विन कारखान्यानेही त्या निवडणुकीसाठी पेट्या केल्या होत्या. आपल्याकडच्या लोकांनी जन्मात पहिल्यांदा मत टाकले ते अशाच कुठल्यातरी पोलादी पेटीत, जिच्या बाहेर कुलूप दिसत नव्हते.